कोर्टाचा कागद स्वतः वाचा

घरातला कर्ता माणूस जातो. मग कोणी तरी म्हणतो, "मृत्युपत्र माझ्या नावाचं आहे. कोर्टाचा शिक्काही झाला. इथं सही करा." आम्ही सांगतो, लगेच सही ठोकू नका. आधी कागद पाहा.

मृत्युपत्र खरे आहे असे कोर्ट ठरवते, तेव्हा प्रोबेट देते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ही रीत सांगितली आहे. पण जमीन मयताच्या मालकीची होती की नाही, हे प्रोबेट ठरवीत नाही. वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हिस्सा असेल, तर तो प्रोबेटने बुडत नाही.

तो कागद कसा मिळवावा? ज्या कोर्टात काम चालले, तेथे नकलेचा अर्ज करा. अर्जात मयताचे नाव, साल आणि ठाऊक असल्यास प्रकरणाचा नंबर लिहा. फी भरा, पावती जपा. सहीशिक्क्याची नक्कल मिळेल. मृत्युपत्र नोंदलेले असेल, तर त्याची नक्कल सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतही मिळते.

नक्कल घरी आणून सावकाश वाचा. काही अडले तर वकिलाला विचारा. सहीचे मग बघू.