प्रथिनांवरील खुणा आणि कर्करोग



पेशीची सर्व आनुवंशिक माहिती डीएनएच्या धाग्यांत साठविलेली असते, हे आपण जाणताच. या धाग्यांना क्ष-किरण, सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व तंबाखूच्या धुरातील द्रव्ये यांमुळे इजा होते. खुद्द पेशीतील पाणीदेखील त्यांची झीज घडवून आणते. तरीही बहुतेक पेशी आपले काम सुरळीतपणे करीत राहतात. हे कसे साधते, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथिन तयार झाल्यानंतरही त्यात फेरफार होत असतात. त्याला कधी फॉस्फेटचा गट जोडला जातो, तर कधी युबिक्विटिन हे ७६ ॲमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. युबिक्विटिनची साखळी लागलेल्या प्रथिनाची बहुधा विल्हेवाट लावली जाते. या शोधाबद्दल सिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७९ मध्ये आढळलेले पी-५३ हे प्रथिन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. निरोगी पेशीत एमडीएम-२ नावाचे प्रथिन त्याला युबिक्विटिन जोडीत असते. त्यामुळे पी-५३ तयार होताच थोड्याच वेळात नष्ट होते. परंतु डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की एटीएम हे विकर जागृत होते व पी-५३ला फॉस्फेट जोडते. मग एमडीएम-२ची पकड ढिली पडते, पी-५३ साचू लागते आणि पेशीचे विभाजन थांबते. दुरुस्तीला अवधी मिळतो. दुरुस्ती अशक्य असेल, तर पेशी स्वतःचाच अंत घडवून आणते. एटीएमचे जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. ज्या मुलांत ते जन्मतःच सदोष असते, त्यांची चाल अस्थिर होते, त्यांना क्ष-किरण अतिशय बाधतात आणि रक्ताचे व लसिका ग्रंथींचे कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो.

मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३चे जनुकच बिघडलेले आढळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र ते बहुधा शाबूत असते. मग घडते काय? पॅपिलोमा विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीतीलच एका विकराला पी-५३पाशी आणून भिडविते आणि त्याच्याकरवी युबिक्विटिन जोडविते. रखवालदाराचे जनुक सुरक्षित राहते, पण रखवालदार जागेवर नसतो! डीएनएतील चुका मग बिनबोभाट साचत जातात.

या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच कर्करोग आढळतो; म्हणून हे ज्ञान आपल्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. विषाणूला पेशीत शिरू न देणारी लस २००६ पासून वापरात आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवाना मिळाला. अर्थात, आधीच झालेला संसर्ग लशीने बरा होत नाही. म्हणून मुलींना ती वेळेवर द्यावयास हवी, आणि प्रौढ स्त्रियांनी नियमित तपासणी करून घेणेही तितकेच अगत्याचे आहे.