छायाचित्रांवरील अभिप्राय: देणे आणि घेणे
(महोत्सवी छायाचित्र-स्पर्धेच्या पारितोषिक-समारंभात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव-समितीने आम्हांस आज्ञा केली आहे की, निकाल जाहीर होण्यापूर्वी परीक्षकांच्या वतीने आम्ही दोन शब्द बोलावेत. निकाल ऐकण्यास तुम्ही उत्सुक आहात, आणि आमचे भाषण हा त्या वाटेवरील धोंडा आहे, हे आम्ही जाणून आहो. तथापि निकालाविषयी आम्ही काहीच बोलणार नाही. सभागृहात मांडलेल्या प्रत्येक चित्राखाली एक लहानशी चिठ्ठी डकवलेली तुम्हांस दिसेल. तिच्याविषयी बोलणार आहो.

"आमची वाडी" या विषयावर एकंदर 64 चित्रे आली, आणि त्यांतील बहुतेक मोबाइलवर काढलेली होती. परीक्षक तिघे: गावातील एक अनुभवी स्टुडिओवाले, शाळेतील चित्रकलेच्या एक बाई, आणि ज्यांस कॅमेऱ्यातले फारसे कळत नाही परंतु धर्मग्रामाचे प्रमुख म्हणून ज्यांस वगळताही येत नाही, असे आम्ही. चित्रांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. स्पर्धेत तिघांस बक्षीस मिळते. बाकीचे एकसष्ट जण आपल्यास ते मिळाले नाही एवढेच ज्ञान घेऊन घरी परततात. हे आम्हांस बरे वाटेना. सबब प्रत्येकास लेखी अभिप्राय द्यावा, असे ठरले.

पहिल्या सायंकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने वीस-बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. "सुंदर प्रयत्न", "मांडणी ठीक", "प्रकाश कमी", "प्रगतीस वाव आहे". चित्रकलेच्या बाईंनी त्या वाचून पाहिल्या व शांतपणे विचारले, "फादर, या चिठ्ठ्या आपसांत बदलल्या, तर कोणाच्या लक्षात येईल काय?" उत्तर देणे कठीण होते. आम्ही त्या सर्व फाडल्या आणि नव्याने आरंभ केला.

मग ध्यानात आले की, अभिप्राय लिहिण्यापूर्वी चित्रात काय दिसते ते स्वतःशी एका वाक्यात सांगावे लागते. एका चित्रात लाल लुगड्यातील एक वृद्ध माता सुकेळी वाळत घालीत आहे. त्यावर आम्ही प्रथम "चेहरा काळवंडला" असे लिहिले होते. दुसऱ्या चिठ्ठीत लिहिले: "हातांची हालचाल व केळ्यांची रांग यांवर नजर खिळते. ऊन भर दुपारचे, सरळ माथ्यावरून पडलेले. त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली साचली. हेच चित्र सकाळी आठाच्या सुमारास, ऊन तिरपे असता काढून पाहावे." पहिल्या चिठ्ठीत दोष होता, दुसरीत दोष, त्याचे कारण आणि उपाय तिन्ही आले. लिहिण्यास पाच मिनिटे अधिक लागली, इतकेच. चौसष्ट चित्रांस पाच-पाच मिनिटे म्हणजे किती तास होतात, हे मात्र समितीने आधी मोजले नव्हते.

आता क्रमांक 17 च्या चित्राची हकीकत सांगतो, कारण त्यात आमची चूक आहे.

संधिप्रकाशातील एक बावखल. दगडी पायऱ्यांवर एक वृद्ध गृहस्थ ओणवे झाले आहेत, आणि त्यांची आकृती पुसट आहे. आम्ही लिहिले, "हात हलल्याने चित्र बिघडले. पुन्हा काढावे." चित्रे मांडण्यापूर्वी चिठ्ठ्या ज्याच्या त्यास दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी प्रातःकालच्या मिस्सानंतर सोळा वर्षांचा एक मुलगा ती चिठ्ठी घेऊन आमच्या दारी उभा राहिला. म्हणाला, "फादर, पुन्हा कसे काढू? बावखल बुजवले. तो शेवटचाच दिवस होता. आजोबा पाण्याला हात लावायला उतरले होते."

आम्ही त्यास आत बसवले व स्टुडिओवाल्यांस बोलावून घेतले. त्यांनी चित्र खिडकीपाशी नेले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "फादर, याचा हात हललेला नाही. हात हलला असता तर सबंध चित्र एकाच दिशेने पुसट झाले असते. इथे पायऱ्यांच्या सांधीतले गवतदेखील स्पष्ट आहे. हलले ते केवळ आजोबा. उजेड कमी असला म्हणजे मोबाइल शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. तेवढ्यात माणूस हलला की त्याचा माग उमटतो." म्हणजे आम्ही जो दोष सांगितला तो दोष त्याचा नव्हता, आणि जो उपाय सांगितला तो अशक्य होता. त्या चित्रासमोर आम्ही एक मिनिटही थांबलो नव्हतो.

स्टुडिओवाल्यांनी त्याच बैठकीत आम्हांस एक जुनी गोष्ट ऐकवली. 1815 साली कलकत्त्यास जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंस 1863 साली, वयाच्या 48 व्या वर्षी, त्यांच्या मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी आपल्या दासीस बसवून पवित्र मातेची अनेक चित्रे काढली. लंडनच्या छायाचित्र-संस्थेच्या नियतकालिकाने त्यांच्या कामावर कठोर टीका केली: चित्रे अस्पष्ट आहेत, काचेवर डाग व ओरखडे आहेत. आणि 1865 सालीच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. ही गोष्ट बहुधा टीकाकारांस हसण्यासाठी सांगतात. आम्हांस ती तशी वाटत नाही. डाग आणि ओरखडे खरोखरच होते. ते दाखवणाऱ्याने खोटे काही सांगितले नाही. परंतु सौम्य फोकस ही त्या बाईंची निवड होती, आणि टीकाकारांनी निवड व निष्काळजीपणा एकाच पारड्यात घातले. 17 क्रमांकाच्या बाबतीत आम्हीही तेच केले. भेद इतकाच की, मुलाने ती पुसट आकृती मुद्दाम निवडली नव्हती. ती त्यास लाभली होती.

येथवर परीक्षकांचे पाप सांगितले. आता घेणाऱ्याविषयी.

आम्ही सेमिनरीत असता प्रवचनकलेच्या वर्गात आमचे पहिले प्रवचन झाले. सोबती म्हणाले, "आवाज फार छान." आमचे वयोवृद्ध अध्यापक म्हणाले, "तुझे प्रवचन तिसऱ्या पानावर सुरू होते." आम्ही तत्काळ समजावू लागलो की, पहिली दोन पाने का आवश्यक आहेत. ते हसून म्हणाले, "ऐकणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन हे सांगणार आहेस काय?" आठवडाभर आम्ही त्यांच्यावर रुष्ट होतो. पुढे ती दोन पाने काढली. आज तीस वर्षांनंतर सोबत्यांची स्तुती आठवते ती केवळ त्या वाक्याच्या शेजारी होती म्हणून.

तो मुलगाही त्या सकाळी चित्र समजावू लागला: आजोबांचे बालपण, बावखलाचे गोडे पाणी, त्यावर पोसलेली वाडी. आम्ही आमची चूक कबूल केली, त्याची क्षमा मागितली, आणि मग विचारले, "बाळा, हे सर्व आम्हांस तू सांगितल्यावर कळले. बावखल बुजणार आहे, हे चित्रात कुठे दिसते?" तो गप्प झाला. स्टुडिओवाल्यांनी चित्राचा वरचा तिसरा हिस्सा बोटाने झाकला व म्हणाले, "हे आभाळ पांढरेफटक जळून गेले आहे. ते कशासाठी ठेवलेस?" मुलाने वाद घातला नाही. थोड्या वेळाने त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मूळ चित्र दाखवले. त्यात उजव्या कडेस मातीने भरलेल्या लॉरीचे चाक व फाळका होता. "हे घाण दिसत होते, म्हणून कापले," तो म्हणाला.

आम्ही तिघेही त्या चाकाकडे पाहत राहिलो. ओणवे झालेले आजोबा, पाणी, आणि तीन हातांवर लॉरी. जे चित्र त्याने काढले होते, ते त्यानेच कापून टाकले होते; स्पर्धेतील चित्र सुंदर असले पाहिजे अशी त्याची समजूत होती. ही समजूत कोणी करून दिली, याचा विचार परीक्षकांनीही करावयास हवा. वाडीवरील चौसष्ट चित्रांत कचऱ्याचा ढीग, पडका रहाट किंवा नवी उंच इमारत एकाही चित्रात नाही. आपली वाडी खरोखरच इतकी नीटनेटकी आहे काय?

मुलाने विचारले की, मूळ चित्र आता स्पर्धेत घेता येईल काय. मुदत टळली होती. नियम सर्वांस सारखा. आम्ही नाही म्हटले, आणि तसे म्हणताना आम्हांस सुख झाले नाही. 17 क्रमांकास बक्षीस नाही, हे येथेच सांगून टाकतो. त्याची त्यास कल्पना आहे. मात्र त्याच्या संमतीने आम्ही एक गोष्ट केली आहे. सभागृहाच्या उत्तरेकडील दाराशी 17 क्रमांकाचे चित्र आहे तसे लावले आहे. त्याखाली आमची पहिली चिठ्ठी आहे, ती रेघ मारून खोडलेली, आणि तिच्या खाली दुसरी. शेजारी, क्रमांकाशिवाय, लॉरीसह मूळ चित्र आहे. त्याखाली चिठ्ठी नाही. कोरा कागद व दोरीस बांधलेली एक पेन्सिल ठेवली आहे. तुम्हांस काय दिसते ते तेथे लिहावे. मुलगा सणाच्या दिवशी सायंकाळी कागद घरी नेणार आहे. "छान" असे लिहून तो भरू नये, एवढीच विनंती.

आता निकालाची पाकिटे चित्रकलेच्या बाईंकडे आहेत.