दगड बघायला गेलो होतो

आज आमच्या बचत गटाच्या सहलीविषयी सांगतो. सहल लांबची नाही, आपल्याच शिरूर तालुक्यातली.

तशा आम्ही काही घरकोंबड्या नाही. रांजणगावच्या महागणपतीला जातो, भीमा ओलांडून सिद्धटेकलाही गेलोय. देवाला निघालं की घरात कुणी अडवत नाही. नुसतं बघायला जायचं म्हटलं, की विचारतात, "तिथं आहे काय?" एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "दगड बघायला पैसे घालवताय?" आणि जायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन त्याच उभ्या!

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शिरूरपर्यंत एसटीनं गेलो, पुढं जीप ठरवली.

टाकळी हाजीला कुकडीचं पात्र काळ्या पाषाणाचं आहे. अलीकडं आपलं शिरूर, पलीकडं पारनेरचं निघोज. पुराच्या पाण्यात गोटे भोवऱ्यात सापडतात आणि एकाच जागी गरगर फिरतात, जात्यासारखे. दगडानं दगड झिजतो, खड्डा खोल होत जातो. हजारो वर्षं हेच चाललंय. त्यांना रांजणखळगे म्हणतात. एकजण वाकून म्हणाली, "रांजण आमच्या माजघरातल्यासारखाच, पण बूड काही दिसंना." तिला मागं ओढलं. काठ गुळगुळीत आहेत, पाणी खोल आहे. पावसाळ्यात कडेला जाऊ नका, लेकरांचा हात सोडू नका. आणि बायकांची सोय कुठं आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं, फार हाल झाले.

तिथून घोडनदीकाठच्या इनामगावला गेलो. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. ते जव पिकवायचे, पाटानं पाणी न्यायचे. आता जाऊन पाहिलं तर माती आणि खापरं, एवढंच. माहिती नसेल तर पाच मिनिटांत परत फिराल. म्हणून आमच्यातल्या एकीनं आधी वाचून ठेवलं होतं. तिनं सांगितलं, त्या काळी तान्हं मूल गेलं, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीत पुरायचे.

सासूबाई खाली बसल्या. त्यांचं पहिलं लेकरू बाराव्या दिवशी गेलं होतं. सुनेलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरातच ठेवायच्या होय? बरं करायच्या." मग बराच वेळ कुणी उठलं नाही. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

दौंडच्या मैत्रिणींनो, आता तुमच्याकडं यायचंय. यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचं यादवकाळातलं देऊळ आहे. तिथं बाईच्या रूपातला गणपती कोरलाय म्हणे, तो बघायचाय. उन्हं तापायच्या आत येतो. यवतहून वर जायला गाडी कुठं मिळते, तेवढं रेडिओवर कळवा. सासूबाईंनी आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय.