धुराचे पहारेकरी मुके होतात तेव्हां

आगीपेक्षां धूर अधिक लबाड असतो. ज्वाळा दिसते, तिची धग लागते. पण गाढ झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागें करीलच असें नाहीं. आगींत दगावणारे पुष्कळ लोक भाजण्यापूर्वींच गुदमरलेले असतात. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयाला लागलेली आग चौथ्या मजल्यावरून वर पसरली आणि पांच माणसें प्राणांस मुकलीं. अशा वेळीं पहिल्या दोन-चार मिनिटांत मिळणाऱ्या सूचनेचें मोल काय असतें, हें निराळें सांगावयास नको. ती सूचना देण्यासाठींच मोठ्या इमारतींच्या छतांना धूमसूचक, म्हणजे स्मोक डिटेक्टर, लावलेले असतात.

या वाटीएवढ्या यंत्राच्या पोटांत एक काळोखी कोठडी असते. तींत प्रकाशाचा झोत सोडलेला असतो आणि प्रकाश ओळखणारा डोळा त्या झोताच्या वाटेपासून बाजूला बसविलेला असतो. धुराचे कण आंत शिरले कीं प्रकाश विखुरतो, डोळ्याला तो दिसतो आणि वर्दी निघते. पण वर्दी पोंचली तरच तिचा उपयोग. यासाठीं दोन तारांचा एक फेरा पॅनेलपासून निघून सर्व सूचकांना गांठीत पुन्हां पॅनेलपाशीं येतो. यालाच लूप म्हणतात. प्रत्येक सूचकाला स्वतःचा क्रमांक असतो आणि पॅनेल अहोरात्र, कांहीं सेकंदांच्या अंतरानें, शाळेंतल्या मास्तरांप्रमाणें हजेरी घेत असतें. जो ‘हजर’ म्हणत नाहीं त्याचा क्रमांक पॅनेलवर उमटतो व बारीक भोंगा वाजूं लागतो.

येथूनच तपासाला आरंभ होतो. गैरहजर एकच आहे, ओळीनें अनेक आहेत, कीं सारेच आहेत, हें प्रथम पाहावें. एकच असेल तर दोष बहुधा त्याच्याच जागीं असतो. सूचक बैठकींत नीट फिरवून बसविलेला नसतो, बैठकीचे स्क्रू सैल असतात, किंवा बदललेल्या नव्या सूचकाला चुकून दुसऱ्याचाच क्रमांक दिलेला असतो. एका क्रमांकावर दोघे बोलूं लागले कीं पॅनेलला धड कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. शंका राहिल्यास त्याच जातीचा चांगला सूचक तेथें बसवून पाहावा. तो बोलला तर जुना सूचक बिघडला. तोही गप्प राहिला तर बैठक किंवा तारा तपासाव्या. मात्र क्रमांक सूचकांत ठेवलेला आहे कीं बैठकींत, हें आधीं जाणून घ्यावें; नाहींतर नवा घोटाळा होतो.

ओळीनें अनेक गप्प झाले तर दोन तारा कोठेंतरी एकमेकींना चिकटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं लूपवरील आयसोलेटर दोषाच्या दोन्ही बाजू तोडून बाकीचा फेरा वांचवितात. त्या तुकड्यांत सोळा सूचक असतील तर एकेक उघडीत बसूं नये. मध्येंच तार सोडवावी, कोणता अर्धा भाग सदोष आहे तें मीटरनें पाहावें आणि त्याचे पुन्हां दोन भाग करावे. चार खेपांत जागा सांपडते. येथें एक सावधगिरी हवी. इन्सुलेशन तपासणारा उच्च दाबाचा मीटर सूचक जोडलेले असतांना कधींही लावूं नये. त्यांतील नाजूक भाग जळून जातात.

तार तुटणें हा दोष सर्वांत फसवा. पॅनेल दोन्ही टोकांकडून वीज पुरवितें, त्यामुळें सारे सूचक बोलत राहतात आणि ‘चाललें आहे तें ठीक आहे’ म्हणून दुरुस्ती लांबते. मग दुसरीकडे तार तुटली कीं मधले सर्व एकदम मुके होतात. परतीचें टोक थोडा वेळ सोडवून पाहिल्यास शेवटचा बोलणारा आणि पहिला गप्प यांच्या दरम्यान तुटलेली जागा मिळते. त्यासाठीं तारेचा खरा मार्ग दाखविणारा नकाशा पाहिजे; क्रमांकांचा क्रम आणि तारेचा क्रम एकच असतो असें नाहीं.

मधूनच येणारा व जाणारा दोष पावसाळ्यांत विशेष त्रास देतो. गळक्या गच्चीखालच्या पेटींत ओल शिरते, किंवा लिफ्टच्या जाड तारांशेजारून लूप गेलेला असतो. असा दोष कोणत्या तारखेस व किती वाजतां आला याची नोंद ठेवली, तर पाऊस आणि लिफ्ट यांपैकीं अपराधी कोण तें वहीच सांगते.

महाराष्ट्रांत २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें ही यंत्रणा सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी मालकावर व वहिवाटदारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असें वर्षांतून दोनदां द्यावें लागतें. परंतु सोसायटीच्या पहारेकऱ्यानें कटकट नको म्हणून भोंगा बंद केला आणि तें कोणास कळविलेंच नाहीं, तर कपाटांतलें प्रमाणपत्र धूर अडविणार नाहीं. भोंगा गप्प करणें म्हणजे दोष काढणें नव्हे. दुरुस्ती होईपर्यंत मुक्या भागांत माणसानें रात्रींतून फेऱ्या घालाव्या, हाच एक उपाय उरतो. छतावरचा पहारेकरी मुका असेल तेवढा वेळ खालीं कोणीतरी जागें राहिलें पाहिजे.