पाना-पक्कड ते सेन्सर : न्हावऱ्यातल्या तरुणांशी बोलताना

(न्हावरे, ता. शिरूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून स्लाइड घेऊन आलो होतो. लाइट गेली, बरंच झालं.

आपल्या गावात घोडगंगा साखर कारखाना. नगर रस्त्याला रांजणगाव एमआयडीसी, दौंडकडे कुरकुंभ. 2022 मध्ये केंद्राने रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर केलं, जवळपास 297 एकर. यात आपल्या पोरापोरींना काय मिळणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

जुना फिटर स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून सांगायचा, ‘हे जाणार.’ आता मोटरवर कंपन मोजणारा सेन्सर असतो, तो आधीच इशारा देतो. लाइन अचानक बंद पडत नाही, माल वाया जात नाही, मालकाचा फायदा. फिटरची गरज संपत नाही, पण त्याला आलेख वाचता आला पाहिजे. जातं ते काम मोजणी, नोंदणी, पॅकिंगचं. आणि ठेकेदारामार्फत आपली मुलं लागतात ती नेमकी तिथेच.

हे आपल्याला नवीन नाही. पिंजारी-नदाफांच्या घरी धनुकली होती. कापूस पिंजायचं मशीन आलं, मग फोमची गादी आली. ज्यांनी कर्ज काढून मशीन घेतलं त्यांचं दुकान झालं, बाकीचे मजुरीला गेले. हुनर दोघांकडे सारखंच होतं. मशीन कोणाचं, यावर सगळं ठरलं.

सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवलं की मुसलमानांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणारे जास्त. म्हणून गॅरेज, वेल्डिंग, लेथवाल्यांनो, तुमच्याशी आधी बोलतो. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. एजंटला पैसे देऊ नका. लघुउद्योगाचं कर्ज मागायला गेलात की बँक आधी तोच नंबर विचारते.

आता एक घरची गोष्ट. माझ्या चुलत भावाचं नाव मार्कशीटवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘एमडी’, पासबुकात नुसतं ‘मो.’ कंपनीत लागला, पण पीएफ वर्षभर अडकला. पूर्वीचा कारकून हसून म्हणाला असता, ‘अरे, हा तोच.’ प्रोग्राम अक्षराला अक्षर जुळवतो. खरं सांगतो, असा कोड मीही लिहिलाय आणि तेव्हा माझ्याच घरातली नावं मला आठवली नाहीत. पगार, पीएफ, स्कॉलरशिप, शिकाऊ उमेदवारी, सगळं याच जुळणीतून जातं. मुलींचं लग्नानंतर नाव बदलतं, त्यांना तर दुप्पट त्रास.

तर आज एवढंच करू. आधार, दहावीचं मार्कशीट आणि पासबुक घरून घेऊन या. कोणतं नाव कुठे दुरुस्त करायचं, कुणाला गॅझेट लागेल, ते एकेकाचं बसून पाहू. लॅपटॉपला तासभर चार्जिंग आहे. ज्यांचे फॉर्म अडकलेत ते आधी.