ताडी एकदम सुटते तेव्हा

मंडळी, विरारहून डहाणूकडे जाणारी गाडी वैतरणेचा पूल ओलांडते, तेव्हा खिडकीतून ताडाची झाडं दिसू लागतात. पहाटे झाडावरून उतरवलेली ताजी ताडी सौम्य असते. दिवस चढेल तशी ती आंबत जाते. पण झाडं थोडी आणि पिणारे फार झाले की विकणाऱ्याला मोह होतो. पाणी वाढवायचं, गोडीसाठी सॅकरिन घालायचं, आणि नशा कमी पडू नये म्हणून क्लोरल हायड्रेट नावाचं झोपेचं औषध मिसळायचं. कुठे कुठे अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम यांची पूडही पडते. पिणाऱ्याला वाटतं, आपण ताडी पितो. प्रत्यक्षात तो रोज झोपेचं औषध घेत असतो, आणि किती घेतो हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

आता समजा, अशा एखाद्या गड्याने गळ्यात माळ घातली, किंवा श्रावण लागला म्हणून पिणं सोडलं. घरात आनंद! पण एक-दोन दिवसांत हात कापू लागतात, दरदरून घाम सुटतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग तो भिंतीवर नसलेल्या मुंग्या दाखवतो, मेलेल्या माणसांशी बोलतो, कधी फेफरं येऊन पडतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, भगताला बोलवा. शेजारी म्हणतात, सोंग आहे, खोलीत कोंडा. यात वेळ गेला तर माणूस दगावू शकतो.

ही भीती कल्पनेतली नाही. आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाबाद भागात आणि हैदराबादेत २०१५ साली भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण ताडी एकाएकी थांबली आणि कापणारी, बरळणारी, झटके येणारी माणसं इस्पितळांत भरती करावी लागली. हैदराबादच्या एर्रगड्डा इथल्या मानसिक आरोग्य संस्थेत तर रीघ लागली होती. दुकान बंद करण्याचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने हे आधी ध्यानात घ्यावं.

असं का होतं? ओझ्याची गाडी रोज ओढणारे बैल जोर लावायला सवकतात. एके दिवशी ओझं एकदम काढलं तर ते उधळतात. झोपेचं औषध मेंदूवर असंच ओझं टाकतं.

म्हणून डॉक्टर ओझं एकदम काढत नाहीत. डायझेपामसारखं शरीरात सावकाश विरणारं औषध मोजून देतात, रोग्याचा श्वास, नाडी, ताप पाहतात, आणि मात्रा दिवसांनी, कधी आठवड्यांनी, पायरीपायरीने उतरवतात. सोबत थायमिन हे जीवनसत्त्व देतात. इथे एक सांगतो. पुष्कळ नातेवाईक ‘ग्लुकोजची बाटली लावा’ म्हणून हटून बसतात. कुपोषित पिणाऱ्याला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज दिलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. तेवढं डॉक्टरांवर सोडा.

आणि हीच गोळी दुकानातून आणून घरी देऊ नका बरं का! पोटात ताडी असताना ती घेतली तर श्वास मंदावून थांबू शकतो. वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणाऱ्या आजीनेही ती मनाने एकदम बंद करू नये.

झटका आलाच तर रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका आणि १०८ ला फोन करा. सोडायची इच्छा असेल, तर आधीच सरकारी दवाखान्यात जा, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर विचारा.

गुरुजी, अशा घरचं पोर तुमच्या वर्गात असेल, तर एक काम तुम्हीच करू शकाल. इस्पितळात नेताना एक चिठ्ठी लिहून द्या: रोज किती बाटल्या, किती वर्षं, शेवटची केव्हा घेतली, दुसरं कोणतं औषध चालू आहे. घरात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं, तर तेही चिठ्ठीला टाचून द्या.