मुलांचे अंथरुण ओले होणे : लघवी काय सांगते?
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजचा विषय सभेत बोलण्याजोगा नव्हे, असे काहींस वाटेल. परंतु शाळेत ३७ वर्षे काढल्यावर आम्हांस एवढे कळले आहे की, मुक्कामाच्या सहलीचे नाव निघताच ज्या मुलाचे पोट दुखू लागते, त्यास पुष्कळदा रात्रीची धास्ती असते. घरी चादर भिजली की त्यास चौघांदेखत बोलणी बसतात, प्रसंगी मारही. झोपेत घडलेल्या गोष्टीचा जाब मुलाने काय द्यावा? तो लघवीस विचारावा.

पाच वर्षांच्या आत यास व्याधी म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षी १०० मुलांतील सुमारे १५ जणांचे अंथरुण भिजते, व पुढे दरवर्षी त्यांतील सुमारे १५ टक्के मुले आपोआप बरी होतात. हे पुष्कळदा वारशाने येते. मारावयास हात उचलणाऱ्या पित्याने आधी आपल्या मातोश्रींस विचारून पाहावे!

प्रथम लघवीची साधी तपासणी करावी. बहुतेक मुलांची ती निर्दोष निघते. मात्र पू-पेशी किंवा नायट्राइट आढळल्यास जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरुण भिजवू लागले, त्यास तहान फार लागते, वजन घटते आणि लघवीत साखर आहे, तर तो मधुमेह समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरी परीक्षा घरची. सुटीचे दोन दिवस मूल दर वेळी किती लघवी करते ते मापाच्या पेल्याने मोजून लिहावे. वयात एक मिळवून तीसने गुणले की मूत्राशयात किती मिलिलिटर मावावे ते निघते. सात वर्षांच्या मुलास २४०. सकाळची पहिली लघवी सोडून दिवसातील सर्वांत मोठे माप याहून बरेच कमी भरले, तर मूत्राशय लहान वा चंचल आहे. अशा वेळी बद्धकोष्ठ आहे काय, तेही पाहावे. तुंबलेले आतडे मूत्राशयास दाबते. रात्रीसाठी कोरडे व भिजलेले लंगोट तोलावे, फरकाच्या ग्रॅमांत सकाळची पहिली लघवी मिळवावी. ही बेरीज अपेक्षित मापाच्या १३० टक्क्यांहून अधिक भरली, तर रात्री लघवीच जास्त बनते. लघवी आटवणारे व्हॅसोप्रेसिन अशा पुष्कळ मुलांत रात्री पुरेसे स्रवत नाही.

संशोधक आता लघवीतील नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे प्रथिनही मोजतात. त्याच्या शोधासाठी रिता लेव्ही-मॉन्टाल्सिनी व स्टॅन्ली कोहेन यांस १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चंचल मूत्राशयात ते वाढलेले आढळते, पण इतर विकारांतही वाढते. म्हणून ही परीक्षा अद्याप नित्याची नाही. तिच्यावर पैसे खर्चू नयेत.

उपाय प्रकारानुसार निराळा. रात्री लघवी जास्त बनत असल्यास डॉक्टर डेस्मोप्रेसिन देतात. त्याच्या एक तास आधीपासून पुढे आठ तास पाणी जवळजवळ बंद ठेवावे लागते. मूत्राशय लहान असल्यास ओल लागताच वाजणारी घंटा दोन-तीन महिने लावतात. प्रारंभी तिने मूल जागे होत नाही, घर जागे होते. तेव्हा आईने वा वडिलांनी उठून त्यास हात धरून मोरीपर्यंत न्यावे लागते.